राष्ट्रीय महत्त्वाचा अबोला

छबूबाई नगरे आणि त्यांची धाकटी जाऊ सारिका यांच्यातला अबोला नऊ वर्षांचा झाला, तेव्हा केंद्र सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. त्याआधी तो फक्त वाघाळी गावापुरता होता.

वाघाळी म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्यावरचं भोयांचं गाव. घरं एकशे चाळीस, होड्या तेवढ्याच, आणि गुपितं एकही नाही. त्यामुळे या दोघी का बोलत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. छबूबाईंच्या मुलीच्या साखरपुड्याला मरळ माशाचं कालवण केलं होतं. वाटण छबूबाईंचं, फोडणी सारिकाची. पाहुण्यांनी बोटं चाटत विचारलं, "कुणाच्या हातचं?" आणि सारिका म्हणाली, "माझ्या." झालं! राज्यं बुडायला मोठी कारणं लागत असतील, पण घरात चूल वेगळी व्हायला एवढं पुरतं.

अबोला धरला तरी जावाजावांची कामं अडून चालत नाही. मग तिसऱ्याला सांगायचं. तिसरा माणूसच असला पाहिजे असं नाही. छबूबाई भिंतीकडे बघून म्हणायच्या, "काही लोकांना म्हणावं, दूध उतू चाललंय." सारिका मांजराकडे बघून म्हणायची, "म्हणावं, दिसतंय आम्हाला." भिंतीने आणि मांजराने नऊ वर्षांत कधी निरोप पोचवायला उशीर केला नाही.

अशात गावात हाकेची मासेमारी आली.

गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीने त्या दशकात देशभर जी उडी मारली होती, ती या हाकेच्या जोरावर. पूर्वी धरणात जाळीचे पिंजरे बांधून मासे वाढवत. पिंजरा महाग, खाद्य महाग, आणि दाटीवाटीत एकाला रोग झाला की सगळ्यांना. शास्त्रज्ञांनी विचार केला, गुरं आपण रानात चरायला सोडतो आणि संध्याकाळी हाक मारतो, मग माशाला का नाही? मासा बहिरा हा आपला गैरसमज. रोहू, कटला या जातींच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत इवल्या हाडांची एक साखळी असते. पाण्यातला आवाज पिशवीत घुमतो आणि साखळीवरून थेट कानात जातो. राहिली स्मरणशक्ती. निवडक पैदाशीतून आणि खास खाद्यातून शास्त्रज्ञांनी असे रोहू तयार केले, की लहानपणी चाळीस दिवस एखादा आवाज ऐकून खाणं मिळालं, तर तो आवाज ते जन्मभर विसरायचे नाहीत. मग त्यांना धरणात मोकळं सोडायचं. फुकट चरा, लठ्ठ व्हा. पंधरवड्यातून एकदा पाण्याखालच्या कर्ण्यातून आपली हाक द्यायची, की आपलेच मासे आपल्या जाळ्यात. दुसऱ्याचे मासे ढुंकूनही बघायचे नाहीत. प्रत्येक संस्थेची हाक वेगळी, सरकारदरबारी नोंदलेली.

पलीकडच्या काठावरच्या कंपनीने घंटेचा आवाज घेतला. वाघाळीच्या सहकारी संस्थेत मात्र आवाज कुणाचा, हा प्रश्न उद्भवलाच नाही. चेअरमन भगवानराव पतुले यांनी घसा खाकरला आणि हाक ध्वनिमुद्रित झाली: "या हो या, जलदेवीच्या लेकरांनो, या! वाघाळी मच्छीमार सहकारी संस्था आपले सहर्ष स्वागत करीत आहे!"

बोटाएवढी पिल्लं, ज्यांना बोटुकली म्हणतात, ती संस्थेच्या शेडमधल्या मोठ्या टाकीत वाढत होती. त्या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या गावात दोनच बायका होत्या. कोण, ते सांगायला नकोच. काम दोघींचं: एकीने हवेचा पंप बंद करायचा, दुसरीने खाद्य टाकायचं. आणि शेडमध्ये ना भिंत जवळ, ना मांजर. राहिली टाकी. छबूबाई काठावर वाकून, तोंड पाण्याला टेकेल इतकं खाली नेऊन टाकीला सांगायच्या, "म्हणावं, हवा बंद करा. खाद्य टाकायचंय."

सारिका पलीकडून वाकायची. "केली म्हणावं कवाच. डोळं असतील तर दिसंल."

"डोळं हायेत म्हणावं. काल नळ कुणी उघडा टाकला, त्ये बी दिसलं."

"आन् परवा खाद्याचा डबा कुणी सांडला म्हणावं?"

हे झालं की कळ दाबायची, चेअरमन स्वागत करायचे, खाद्य पडायचं. दिवसातून चार वेळा, चाळीस दिवस. मधूनमधून वीज जायची. वीज गेली की चेअरमन गप्प. जावा मात्र विजेवर चालत नव्हत्या.

चाळीस दिवसांनी बोटुकली धरणात सोडली, ती सात-आठ महिने चरून वाढली. पहिल्या हाकेच्या दिवशी काठावर मांडव होता, शेला होता, नारळ होता. शंभरावर होड्या जाळं धरून तयार होत्या. चेअरमनांनी स्वतः कळ दाबली आणि त्यांचा आवाज उजनीच्या तळाला गेला. सगळे पाण्याकडे बघत राहिले. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. एक पाणसाप तेवढा वर आला, इकडेतिकडे बघून परत गेला. पलीकडच्या काठावर घंटा वाजत होती आणि कंपनीच्या जाळ्यात मासे उड्या मारत होते.

"परत लावा! आवाज वाढवा!" चेअरमन ओरडले. आवाज वाढवला. पाणसापही परत आला नाही.

हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. पहिल्या हंगामात ठरलेला माल काढून दाखवला नाही, तर पाण्याचा हक्क संस्थेकडून जाऊन कंपनीकडे जायचा, असा करार होता. वाघाळीच्या आज्या-पणज्यांची जमीन या धरणात बुडाली होती. जमिनीच्या बदल्यात म्हणून जे पाणी पदरात पडलं, तेही जायची वेळ आली. छबूबाई काठावर बसून हंगामाचे उरलेले पंधरवडे बोटांवर मोजत होत्या. सारिका दहा हातांवर बसली होती. तीही तेच मोजत असणार, पण विचारणार कसं?

दुसऱ्या दिवशी डॉ. ईशा देशभ्रतार आल्या. वय तिशीच्या आत, पण मासा काय ऐकतो यात देशात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. टाकीत बसवलेल्या यंत्राने चाळीस दिवसांच्या आवाजाचे आलेख साठवले होते. शब्द साठवत नसे, कारण कामगारांच्या खासगी बोलण्याला कायद्याचं संरक्षण होतं. फक्त चढउतार. बाईंनी ते तासभर पाहिले आणि गावापुढे येऊन म्हणाल्या, "मासे चेअरमनसाहेबांचा आवाज शिकलेच नाहीत."

"म्हंजे?" चेअरमन दुखावले.

"मासा पहिली खूण पकडतो. खाण्याआधी न चुकता सगळ्यात आधी काय होतं, ते. तुमचा आवाज त्यानंतर यायचा, आणि वीज गेली की यायचाच नाही. त्याच्या आधी, रोज, प्रत्येक वेळी, दोन आवाज आहेत. आळीपाळीने. दोन्ही चढे. हे टाकीशी कोण बोलायचं?"

अख्ख्या सभेने माना वळवल्या. छबूबाई पूर्वेला बघत होत्या, सारिका पश्चिमेला.

उपाय सरळ होता. दोघींना होडीत घालायचं आणि भांडायला लावायचं. चेअरमनांनी रात्र खपून संवाद लिहून काढला. त्यातलं पहिलं वाक्य, "अगे कलहप्रिये, थांब!" असं होतं. पाण्याखालच्या कर्ण्याला जोडलेल्या ध्वनिक्षेपकात दोघींनी ते शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं. एक मासा फिरकला नाही.

डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "खऱ्या रागात आवाजाला एक बारीक कंप असतो. तो नाही आला यात."

होडी माघारी वळली. छबूबाईंचा पदर वाऱ्याने उडून वल्ह्याजवळ गेला, आणि सारिका सवयीने ध्वनिक्षेपकाला म्हणाली, "म्हणावं, पदर सांभाळा. वल्ह्यात गुतंल."

"म्हणावं, तुमी रांगत होता तवापासनं वल्हं मारतोय आमी!"

"म्हणून तर मागल्या साली होडी खडकावर घातली म्हणावं!"

"खडक दावणाऱ्यानं आधी तोंड उघडायचं व्हतं म्हणावं!"

होडीखालचं पाणी थरथरलं. मग एक पाठ दिसली, मग दहा, मग मोजता येईनात. हातभर लांबीचे रोहू तोंडं वर काढून होडीभोवती गोळा झाले, आणि गावकऱ्यांनी बोंब मारून जाळं ओढलं.

त्या दिवशीचं भांडण ध्वनिमुद्रित केलं होतंच. पुढल्या पंधरवड्याला तेच वाजवलं. थोडे मासे आले, थबकले आणि निघून गेले. डॉक्टरीणबाईंनी कारण शोधलं. पलीकडच्या कंपनीचे मासे रोज तीच घंटा ऐकून वाढलेले, म्हणून त्यांना तीच घंटा चालते. वाघाळीच्या माशांनी चाळीस दिवसांत एकच भांडण दोनदा ऐकलं नव्हतं. त्यांच्या लेखी रोज नवं भांडण हीच हाक होती, आणि शिळं भांडण ते ओळखायचे.

म्हणजे हंगाम संपेपर्यंत दर पंधरवड्याला दोघींनी होडीत बसायचं, ताजं भांडायचं, आणि त्यासाठी मधल्या काळात अबोला टिकवायचा. संस्थेने ठराव केला, तो सूचना फलकावर लागला: 'दोन्ही भगिनींनी हंगामअखेरपर्यंत परस्परांशी सौहार्दाचे संबंध प्रस्थापित करू नयेत. तसे आढळल्यास कळवावे.' सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. विमा कंपनीने अबोल्याचा विमा उतरवला. दिल्लीहून पथक आलं आणि त्याने अहवालात लिहिलं, की ही हाक कुणालाही चोरता येत नाही, सबब ती राष्ट्रीय महत्त्वाची आहे. आंध्रातून, गोंदियातून संस्थांची माणसं बघायला येऊ लागली. आपल्याकडे कुणाचा जुना, मजबूत अबोला आहे याची जिल्ह्याजिल्ह्यात चौकशी सुरू झाली, आणि इंदापूरच्या दोन सख्ख्या भावांनी तर त्यासाठी अर्जही केला.

सगळ्यात कहर केला शेजाऱ्यांनी. नऊ वर्षं ज्या बायका "जाऊ दे गं, मिटवा आता" म्हणत होत्या, त्याच आता सकाळी सकाळी दारात यायच्या. "छबूआक्का, मी म्हणून सांगते हं, सारिका म्हणत होती, तुमच्या भाकरीला पापुद्राच येत न्हाई." तेवढ्याच भक्तिभावाने त्या सारिकाकडेही जात असणार. काड्या लावणं हे आता गावाच्या भल्याचं काम झालं होतं.

छबूबाईंना याचा उबग आला होता. खरं सांगायचं तर कालवणाचा राग केव्हाच विरला होता. आता राग होता तो एवढाच, की सारिका धाकटी असून आधी का बोलत नाही. आणि सारिकाचाही राग, थोरल्या असून अक्का का बोलत नाहीत, एवढाच असावा, असं त्यांना हल्ली होडीतून परत येताना वाटायचं. एकदा भांडता भांडता सारिकाला ठसका लागला, तेव्हा छबूबाईंचा हात तिच्या पाठीकडे निघाला होता. चेअरमन काठावरून ओरडले, "नियम! नियम!" हात परत आला.

त्यातच सारिकाच्या प्राचीचं लग्न ठरलं.

प्राचीला छबूबाईंनी अंगाखांद्यावर वाढवलं होतं. अबोल्यात पोरांना ओढायचं नाही, हे तेवढं दोघींनी न बोलता पाळलं होतं. प्राची हळदीच्या चार दिवस आधी आली आणि छबूबाईंच्या मांडीवर डोकं टेकून म्हणाली, "मोठी आई, घाणा भरायला तू बसणार ना?"

घाणा म्हणजे नवरीची हळद जात्यावर दळणं. नगऱ्यांच्या घरात ती आईने आणि थोरल्या चुलतीने दळायची. जातं आता तेवढ्यासाठीच माळ्यावरून खाली यायचं. समोरासमोर बसायचं, एका खुंट्याला दोघींचे हात, आणि पहिला फेरा घेताना एकमेकींचं नाव घ्यायचं. निरोप्या चालत नाही.

"बसणार न्हाईत त्या," दारातून चेअरमनांचा आवाज आला. ते ठराव घेऊनच आले होते. "हळद ज्या दिवशी, त्याच दिवशी दुपारी शेवटची हाक. करारातला उरलेला माल त्यातच निघायचाय. पथक येणार. वहिनी, एकदा का अबोला फुटला, तर आपण बुडालो."

"मग लग्नच पुढं ढकला म्हणा," छबूबाई फणकारल्या.

"संस्थेच्या शिक्क्यानिशी व्याह्यांना तसं कळवलं होतं," चेअरमन मान खाली घालून म्हणाले. "त्ये म्हणाले, मुहूर्त माशांना विचारून काढत न्हाईत."

हळदीच्या सकाळी संस्थेचे दोन संचालक सारिकाच्या दारात बंदोबस्ताला उभे होते. आत जात्यापाशी सारिका एकटीच बसली होती. समोरची जागा मोकळी. तिने एका हाताने खुंटा धरला, मूठभर हळकुंडं घातली आणि ओढायला लागली. जातं अडखळत फिरलं. छबूबाई आपल्या ओट्यावरून तो आवाज ऐकत होत्या. एकशे चाळीस घरं एका बाजूला. ती आठवत नव्हती असं नाही, नावानिशी आठवत होती. पण जातं एकट्या बाईने ओढताना जो आवाज करतं, तो त्यांच्याच्याने ऐकवेना. त्या उठल्या. संचालकांनी हात आडवे केले. छबूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. हात खाली आले.

त्या सारिकासमोर बसल्या, खुंट्यावर हात ठेवला, आणि म्हणाल्या, "सारिका, उलटं फिरवतीयास जातं."

जातं थांबलं. सारिकाने खुंटा सोडला. "मग नऊ वर्सं का न्हाई सांगितलं, अक्का?" ती म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागली. छबूबाईंचाही बांध फुटला. हळद दोघींच्या पदराला, गालाला, सगळीकडे लागली.

दारात एक संचालक फोनवर कुजबुजत होता, "फुटला, साहेब! पार फुटला!"

दुपारी काठावर सुतक असल्यासारखी शांतता होती. पथक खुर्च्यांवर बसलं होतं. होडीत डॉक्टरीणबाई, हातात वल्हं घेतलेले चेअरमन, आणि पिवळ्या हातांच्या दोघी जावा.

"प्रयत्न तरी करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

छबूबाई ध्वनिक्षेपकाकडे वाकल्या. "म्हणावं... काही लोकांनी..." आणि सारिका फिसकन हसली. तिचं हसू बघून छबूबाईंनाही हसू आलं. पाणी आरशासारखं निवांत होतं. परत सुरुवात केली. सारिकाने त्यांना उद्धट म्हणून बघितलं, त्यांनी तिला आळशी म्हणून बघितलं. "आळशी" म्हणताना त्यांचा स्वर इतका लाडाचा निघाला की चेअरमनांनी वल्हं टाकलं, टोपी काढली आणि ते होडीच्या तळाशी मटकन बसले.

छबूबाईंनी काठाकडे बघितलं. बायका रिकाम्या पाट्या घेऊन ओळीने उभ्या होत्या. मी हे काय करून बसले, असं त्यांच्या मनात आलं. पण सकाळी उठले नसते तर? काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी चेअरमनांनी टाकलेलं वल्हं उचललं. "जरा खोलात नेऊन बघू या."

"ठेवा ते वल्हं, अक्का," सारिका म्हणाली. "पहाटेपासनं दमलाय तुमी. मी मारते. वय हाय का आता तुमचं?"

छबूबाईंनी मान वळवली. "कुणाचं वय?"

"तसं न्हवं. म्हटलं, आता जरा बसून ऱ्हावा. उद्या लग्नात बी कामाला हात लावायचा न्हाई. खुर्ची टाकते, मानानं बसा."

"खुर्ची? मला?" छबूबाईंचा आवाज चढला. "म्या काय वरातीतली पाव्हणी हाय? माझ्या पोरीचं लगीन आन् म्या खुर्चीत?"

"पाव्हणी कोण म्हटलं? थोरल्या हाय म्हणून मान देते!"

"मान घाल चुलीत! काम दे!"

"न्हाई देणार! गुडघा धरून जिना चढता, दिसत न्हाई व्हय मला?"

"माझा गुडघा काढतीस? अगं, तुझं बाळंतपण याच गुडघ्यावर केलं!"

"म्हणून तर म्हणते बसा! ऐकायचं म्हणून न्हाईच जन्मात!"

"तू कवा ऐकलंस गं माझं? एकदा तरी?"

"साहेब," चेअरमनांनी डॉक्टरीणबाईंची बाही हळूच ओढली. दुसऱ्या हाताने त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. ध्वनिक्षेपक चालूच राहिला होता, आणि होडीच्या चहूबाजूंनी पाणी उसळत होतं. होडीतल्या पहिल्या भांडणाला आले होते त्याच्या दुपटीने रोहू येत होते, एकमेकांच्या पाठीवर चढत होते, आणि काठावरच्या होड्या जाळी सोडत वेड्यासारख्या धावत होत्या.

डॉक्टरीणबाई यंत्रावरचा आलेख बघत राहिल्या. आवाजात रागाचा कंप होता, अगदी शंभर नंबरी. हा राग कशापोटी आला आहे, हे नोंदवायला यंत्रात जागा नव्हती, आणि माशाच्या कानातही नव्हती.

छबूबाईंचं लक्ष पाण्याकडे गेलं आणि त्या वाक्याच्या मधोमध थांबल्या. डोळे भरून आले. एकशे चाळीस घरं त्या पाण्यात उड्या मारत होती.

सारिकाने त्यांना कोपराने ढोसलं. "थांबलाय कशाला, अक्का? बोला की. मासं माघारी जातील."

"थांबतीय कशाला?" छबूबाईंनी डोळे पुसले आणि पदर कमरेला खोचला. "नऊ वर्सांचं साठलंय माझ्याकडं. तू फकस्त जाळं फाटणार न्हाई एवढं बघ."